नाव घ्या, नाहीतर कापते

एकोडीत तेव्हा फोन दोन होते आणि लाईन एक. एक यंत्र आमच्या किराणा दुकानात, दुसरं रस्त्यापलीकडे राईस मिलमध्ये. इकडे कोणी बोलत असताना तिकडे ताराचंद मुनीमानं रिसीव्हर उचलला, की आवाज दोरी सुटलेल्या बादलीसारखा खाली जायचा. मग साकोलीच्या एक्स्चेंजमधली चंद्रकांता मध्येच विचारायची, "हॅलो, बोलणं चालू आहे का?" उत्तर आलं नाही की ती लाईन कापायची. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण आवाजावरून तिला सर्दी झालेली मला कळायची.

म्हणून आमच्या दुकानात एकच नियम. लाईन लागली की बोलत राहायचं. बोलायला काही नसलं तर हवापाण्याचं बोला, पण गप्प बसायचं नाही.

रेवताला हे काही जमायचं नाही. ती तळ्याकाठच्या ढिवर वस्तीतली. माशांची टोपली डोक्यावर असली की साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलायची, पण काळा रिसीव्हर हातात आला की मुकी. तिचा नवरा श्यामलाल भिलाईला ठेकेदाराकडे कामाला गेला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. बाहेर गेलेला माणूस एरवी नाही आला तरी मंडईला येतोच. मागच्या मंडईला श्यामलाल आला नाही. यंदाची जवळ आली होती, आणि रेवताला त्याला एकच विचारायचं होतं, येता का नाही.

एवढंसं विचारायला तिनं कितीदा तरी ट्रंक कॉल लावला. भिलाईचा फोन तिकडच्या कँटीनमध्ये. तिथला माणूस विचारायचा, किसको बुलाना है? नाव मी सांगायची, कारण रेवता नवऱ्याचं नाव घेत नसे. मग तो त्याला शोधायला जायचा. तो येईपर्यंत मी एकटीच चंद्रकांतेला ऐकू जावं म्हणून धानाचं, पावसाचं, रेवताच्या मंडईचं बडबडत राहायची. श्यामलाल धापा टाकत येऊन "हलो" म्हणेपर्यंत वेळ संपायची, नाहीतर मुनीम उचलायचा.

त्या दिवशी आम्ही जेवणाच्या सुट्टीची वेळ साधली. तेव्हा श्यामलाल कँटीनमध्येच असणार. लाईन लागली. मी "हॅलो, भिलाई?" म्हणते न म्हणते तोच आवाज बुडाला.

"मेला तो मुनीम!" मी म्हटलं आणि रिसीव्हर रेवताच्या हातात दिला. "मी त्याले पाहून येतो. तू बोलत राय."

"काय बोलू, बाई?"

"काहीही बोल."

मी रस्ता ओलांडून मिलमध्ये शिरले. मुनीम एका हातानं भाकर खात, दुसऱ्या हातानं रिसीव्हर कानाला लावून बसला होता.

"ठेवा ना, ताराचंदभाऊ. तिची लाईन लागली हाय."

"मले बी नागपूरचा भाव इचाराचा हाय."

"भाव काही पळून नाही जात." मी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला. ठेवणारच होते, तेवढ्यात त्यातून बारीक आवाज आला.

"अरे, किसको बुलाना है?"

"त्यायले," रेवता म्हणाली.

"किसको?"

"आमच्या घरच्यायले."

"बाई, कँटीनमध्ये शंभर जण आहेत," मध्ये चंद्रकांता. "नाव घ्या, नाहीतर कापते."

रेवता गप्प झाली. त्या शांततेत तिचा श्वास मला ऐकू येत होता. नाव मी इथूनच सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि तिकडून रेवतानं, हळदीकुंकवाला दारात अडवल्यावर उखाणा घेतात तशा सुरात, सुरू केलं:

"तलावात पसरले शिंगाड्याचे वेल, श्यामलालले बोलवा बाई, लाईन नायतं तुटेल."

चंद्रकांता हसली. सरकारी यंत्रातून हसू येतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. कँटीनवाल्याला उखाणा काय समजणार, पण नाव समजलं. "ए श्यामलाल!" अशी हाक ऐकू आली, बाकडं सरकलं, आणि कोणीतरी अगदी जवळ "हलो" म्हणालं.

पुढचं ऐकायचा मोह मला किती झाला, काय सांगू. पण मी ऐकत राहिले असते तर तिच्या कानात आवाज पोचला नसता. मी रिसीव्हर ठेवला आणि त्यावर हात दाबून धरला.

"ठेवलं काहून? ऐकू द्याचं ना जरासं," मुनीम म्हणाला.

"जेवा तुम्ही."

मिलच्या दारातून समोर आमच्या दुकानाची पाटी दिसते. तिच्यावर आमच्या मालकांचं नाव आहे, आनंदराव. ते होते तोवर मी ते लग्नात आणि सणावारीच घेतलं, तेही दोन ओळींत गुंडाळून, आणि ते खाली बघून हसत. आता तहसीलीतला कुठलाही बाबू विचारतो, "पतीचं नाव?" आणि मी धडाधडा सांगते. तो लिहून घेतो आणि म्हणतो, "पुढं चला."

परत आले तेव्हा कॉल संपला होता. रेवता रिसीव्हर अजून कानालाच लावून उभी होती. मी तो तिच्या हातातून सोडवला.

"काय म्हणले?"

"काही नाही. आधी नुसतं हलो हलो केलं. मंग म्हणले, नाव तूच घेतलं का?"

"मंग?"

"हो म्हणलं. तं म्हणले, अजून एकदा घे."

"घेतलं?"

"घेतलं ना. मंग अजून एकदा घ्याले लावलं." तिनं पदरानं कपाळ पुसलं.

"आणि मंडईले येतात का?"

रेवता हळूच खाली, तांदळाच्या पोत्यावर बसली.

"ते तं इचाराचंच रायलं, बाई."

बाहेर मिल सुरू झाली. भुशाची धूळ रस्त्यावर येऊ लागली. मी फोनचा दांडा फिरवला. साकोलीची घंटी वाजली, चंद्रकांतेनं उचललं, आणि मी भिलाईचा नंबर सांगायच्या आत तिनंच विचारलं, "येतो म्हणाले का हो ते?"

मी रेवताकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली होती आणि तिनं हात पुढे केला होता.

"द्या इकडे," ती म्हणाली. "नाव मीच सांगीन."