बापूसोंचा कान

हुपरीत चांदी घरोघर आहे. कान घरोघर नाही. तो बापूसोंकडे आहे, असं निदान या उन्हाळ्यापर्यंत सगळे मानून चालत.

बापूसोंचा पैंजणांचा कारखाना म्हणजे घराचा पुढचा सोपा. तिथं झाळ लावून घुंगरं जोडली जात, झिलई होई, आणि शेवटी प्रत्येक जोड बापूसोंच्या उजव्या कानाशी एकदा हलवला जाई. बापूसो डोळे मिटत. मान खाली गेली की माल पास. आडवी गेली की परत कारागिराकडे. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नव्हतं, त्यामुळे त्यात चूक काढायचीही कुणाला सोय नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात पैंजण मुके झाले.

एकदम नाही झाले. आधी बारीक घुंगरांचा आवाज लांब गेला, मग पाण्याखाली गेला. नंतर जोड हलवला की चांदी नुसती लकाकायची, जणू कुणी चित्रातला पैंजण हलवतंय. दुपारी बापूसो गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसत आणि समोरचा सोपा तरंगायला लागे. माणसं तोंडं हलवत, हातोड्या खाली येत, दारातनं फटफटी जाई, आणि सगळ्यावर कुणी तरी ओला कापूस पांघरल्यासारखं वाटे. खरं सांगायचं तर ते वाईट नव्हतं. पन्नाशीनंतर इतकी शांतता कुणाला मिळते?

पाय मात्र जळत. ते लहानपणापासूनच जळत. बापूसोंना घामही येत नसे. भर वैशाखात सदरा संध्याकाळपर्यंत कोरा, आणि गावात त्याचं कौतुक. त्यांच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, असंच होतं. ती ओल्या फरशीवर तळवे टेकवून निजायची. अव्वाचा भाऊ तर चाळिशीतच ठार बहिरा झाला होता. या सगळ्यासाठी घरात एकच शब्द होता, उष्णता. त्यावर सब्जाचं बी आणि गुलकंद ठरलेला होता. शब्द आणि औषध दोन्ही हाताशी असल्यावर डॉक्टरकडे कोण जातंय.

तेव्हा पैंजण मुके झाले म्हटल्यावर बापूसोंनी आधी घुंगरांवर संशय घेतला, मग आतल्या खड्यांवर, मग चांदीवर, आणि शेवटी गुंडूवर. गुंडू हा त्यांचा जुना कारागीर.

"खडा मोठा घाल," बापूसो म्हणाले.

गुंडूनं घातला.

"आजून मोठा. पत्रा बी जाड घे."

"मालक, ह्ये आता घुंगरू ऱ्हायलं न्हाय. बैलाच्या गळ्यातली घाटी झालीया."

"मग बैल चालल्यागत हलवून दाव."

गुंडूनं दोन्ही हातांनी हलवून दाखवलं. शेजारच्या घरातलं तान्हं पोर रडायला लागलं. बापूसोंची मान समाधानानं खाली गेली. माल पास.

पुढच्या आठवड्यात गुजरीच्या सराफपेठेतले व्यापारी उदयसिंह तो माल घेऊन स्वतः आले. कोल्हापूरचा व्यापारी स्वतः हुपरीला येतो तो लग्नाचं आमंत्रण द्यायला किंवा भांडायला. हातात पत्रिका नव्हती.

"बापूसो, तुमचं पैंजण घालून एक नवरी जिना उतरली. खालच्या मजल्यावरची माणसं भाईर आली की. म्हणं, बंबाची गाडी आली."

बापूसोंनी जोड उचलला, कानाशी हलवला, डोळे मिटले. मग उघडले.

"ह्यात आवाज कुठं हाय?"

उदयसिंहांनी बापूसोंच्या बायकोकडे, चंदनावहिनींकडे पाहिलं. चंदनावहिनींनी लेकीकडे, ऐश्वर्याकडे पाहिलं. ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला सोडून सगळ्यांकडे पाहायचं, अशीच घरातली मोठी कामं ठरतात.

ऐश्वर्या कोल्हापुरात कॉलेजवर पदार्थविज्ञान शिकवायची आणि सुट्टीला आली की बापाशेजारी बसून जोड हलवायची. तिला कान होता. चिरागला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, दोन होते, पण दोन्हींत सदैव फोनची बोंडं असल्यानं रिकामा एकही नसे. आपली जागा ऐश्वर्याला द्यायची, हे बापूसोंनी कधीच ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं.

कोल्हापुरात कान तपासायची एक खोली होती. आत भिंतींना गालिचे लावलेले. निशिगंधा नावाच्या मुलीनं बापूसोंच्या कानांवर जाड यंत्र चढवलं आणि हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा, काका. कितीही बारीक असला तरी."

दार लागलं. आत गारवा होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तळवे निवले. बापूसोंनी सवयीनं डोळे मिटले, आणि आवाज यायला लागले. आधी लांबून, मग अगदी जवळून. अव्वा परसातनं आत येतेय. चंदना नवी नवरी आहे आणि वाजू नये म्हणून पाय घासत चालतेय, त्यामुळे जास्तच वाजतेय. ऐश्वर्या उंबऱ्याला धरून उभी राहतेय, पडतेय, उभी राहतेय. घरात घडलेली, विकलेली, मोडीत गेलेली सगळी पैंजणं एकामागून एक अंगणातनं चालत गेली. बापूसो बटण दाबत राहिले. इतकं काम त्यांनी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

दार उघडलं. "काका, मी अजून सुरू केलं नाही."

"मग त्ये कोण वाजवत हुतं?"

निशिगंधाकडे एवढी यंत्रं होती, पण हे सांगणारं एकही नव्हतं.

डॉक्टरांचा आवाज जाड होता, रिकाम्या रांजणातून यावा तसा. त्यांनी कानाचं सोडून भलतंच विचारलं. घाम येतो का? पाय जळतात का? कमरेशी लाल बारीक ठिपके आहेत? बापूसोंना वाटलं, ज्योतिषाकडे आलोय. सगळं बरोबर निघत होतं. मग रक्त घेतलं, ते लांब कुठं तरी गेलं, आणि बरेच दिवस काहीच झालं नाही. घरी गुलकंद चालू राहिला.

निकाल आला म्हणून बोलावलं, त्या दिवशी ऐश्वर्या गाडी लावायला जागा शोधत होती आणि बापूसो एकटेच आत गेले.

डॉक्टर रांजणातून बोलत होते. बापूसोंना अक्षर न् अक्षर कळलं. जाड आवाज अजून शाबूत होते. म्हणाले, शरीरात एक रस असतो, तो तुमच्यात जन्मापासून कमी. त्यामुळे एक तेलकट पदार्थ पेशीपेशींत साचत राहतो. मूत्रपिंडात, हृदयात, कानाच्या आत. बारीक आवाज आधी जातात. गेलेले परत येत नाहीत, यंत्रानं थोडेफार मिळतील. बाकीच्या अवयवांना सांभाळणारं औषध आहे, ते शिरेतून द्यावं लागेल. फार थोड्या घरांत असतो हा आजार. तुम्हाला आईकडून आला.

"मुलगा आहे?"

"हाय."

"त्याला तुमच्याकडून जात नाही. मुलगी?"

बापूसोंनी मान हलवली.

"तिच्यात उतरतोच. बायकांत कुणाला थोडा त्रास, कुणाला तुमच्याइतका. तपासल्याशिवाय सांगता येत नाही. लवकर कळलं तर पुष्कळ वाचवता येतं. तिचं रक्त आजच घेऊ. बोलवा आत."

बापूसो उठले, बाहेर आले. ऐश्वर्या पायऱ्या चढत होती.

"काय म्हणाले?"

"उष्णता हाय म्हणाले."

"आप्पा, एवढं रक्त मुंबैला धाडून उष्णता? थांबा, मी विचारते."

"जेवायला गेलं त्ये. चल."

गाडी हुपरीच्या वाटेला लागली. गडमुडशिंगीजवळ उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथं ऐश्वर्यानं गाडी थांबवली. चिंचेखाली बाकडी होती. चरकाच्या चाकाला घुंगरांची माळ बांधलेली. चाक फिरत होतं, माळ थरथरत होती, ऊस आत जाऊन चिपाड बाहेर येत होतं, आणि बापूसोंच्या दुनियेत सगळं कसं तळ्याच्या तळाशी चालल्यासारखं चाललं होतं. ऊन पानांतून खाली ठिबकत होतं. असंच बसून राहावं, कुणी काही विचारू नये, कुणाच्या रक्तात काही नसावं.

ऐश्वर्यानं चपला काढल्या, तांब्यातलं पाणी थोडं थोडं करून पायांवर ओतलं, आणि ओल्या मातीत तळवे दाबून बसली. अगदी सहज. रोजचं असावं तसं.

बापूसो बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिले. लहानपणी तापात तिचे हात जळायचे, ती रडायची, आणि ते गल्लीत अभिमानानं सांगायचे, माझ्यावर गेलीया.

"डॉक्टर जेवायला गेलं न्हवतं," ते म्हणाले.

"ठाऊक हाय. काचंतनं दिसत हुते की."

"मग बोलली न्हाईस?"

"म्हटलं, तुमास्नी कुठवर जमतंय बघावं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांच्याच शब्दांत, रस, तेलकट पदार्थ, अव्वा, एकही शब्द न गाळता. शेवटचा भाग सांगताना ते चरकाकडे बघत होते.

"चिरागला?"

"त्याला न्हाय."

"बरं झालं," ती म्हणाली आणि रसाचा घोट घेतला.

"तपासलंच न्हाय, तर असंल कशावरनं?" बापूसो हळू म्हणाले. सकाळपासून त्यांनी मनात हेच घट्ट धरून ठेवलं होतं. "डॉक्टरचं काय, पुस्तकात बघून बोलत्यात."

"आप्पा, न हलवता माल पास केलासा कधी?"

आयुष्यात एवढं नेमकं बापूसोंना कुणी पकडलं नव्हतं, उदयसिंहांनीही नाही.

"त्यो चरक वाजतोय काय गं?"

तिनं डोळे मिटले. "वाजतोय. एक घुंगरू फुटकं हाय. येगळं बोलतंय."

तिचा आवाज खालच्या पट्टीतला होता, स्वच्छ पोचला. बापूसोंची मान खाली गेली.

गाडी परत कोल्हापूरकडे वळली. वाटेत बापूसोंनी एकदा म्हणून पाहिलं की उद्या आलो तर, आणि ऐश्वर्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. घरात ती कला कुणाकडून आली, हे डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती.

रक्त घेणाऱ्या बाईनं ऐश्वर्याच्या दंडाला पट्टा बांधला. मग सुई उचलताना तिला दिसलं की शेजारच्या खुर्चीवर बापूसोंनीही सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारलीय आणि हात पुढं करून बसलेत.

"तुमचं नाही, काका," बाई म्हणाली. बापूसो समोर बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे," ऐश्वर्या म्हणाली. "त्यास्नी ऐकू येत न्हाय."

बापूसोंना ऐकू आलं होतं. त्यांनी बाही खाली केली नाही.