समोरच्या नळापाशी

“खंड्याला मधे घ्यायचं. पुढे मी, डावीकडे मधुकर, उजवीकडे दत्ता. देऊळ मागे पडेपर्यंत त्याला बाहेर सोडायचं नाही. मग दत्ता सुटेल,” मंडळाचा म्होरक्या मार्तंड म्हणाला.

मुलुंड चेकनाक्याला एका बंद टपरीच्या पत्र्याखाली हे खलबत चाललं होतं. साल शहाऐंशी, महिना ऑगस्ट. पहाटेपासून आभाळ नुसतं फाटलं होतं. शर्यतीला सगळे मॅरेथॉन म्हणत. खरी मॅरेथॉन केवढी लांब असते हे इथे कोणाच्या बापाला ठाऊक होतं? मुलुंडहून आग्रा रोडने खड्डे चुकवत घाटकोपरच्या मैदानापर्यंत पळायचं, की झाली मॅरेथॉन.

दत्तारामने मान डोलावली. लाज वाटली का त्याला? वाटली, नाही असं नाही. पण विक्रोळीच्या एका कारखान्याचे साहेब घाटकोपरला भटवाडीत त्यांच्या धावण्याच्या मंडळाच्या खोलीवर येऊन सांगून गेले होते, “आमच्या टीमला एक धावणारा हवाय. तुमच्यातला जो पुढे येईल, त्याला मी कायमचा चिकटवतो.” कायमचा! दत्तारामचे वडील, दशरथ, संपात गिरणीतून बाहेर पडले ते पडलेच. आता दिवसभर दारात बसून आल्यागेल्यावर खेकसायचे. काल रात्री जेवताना ताटावरून मान वर न करता म्हणाले, “पैलो इलंस तर घराक ये. नायतर खय जावचा ता जा.”

आणि मंडळात दत्तारामपेक्षा जोरात पळणारा एकच होता. खंडू.

खंडू डोंगरावरच्या वस्तीतला. घरात देव्हारा नाही, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. मंडळात बाकी सगळे कोकणातले, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मार्तंडच्या डोळ्यांत तो खुपत होता. पण पोरगं असं पळायचं की नाही म्हणता येईना, आणि शर्यतीला नाव मंडळाकडूनच जायचं, म्हणून त्यालाही मंडळ सोडता येईना. दोघांनीही नाक दाबून गोळी गिळली होती.

खरी कटकट होती ती विक्रोळीच्या मारुतीची. रोज सकाळी सरावाहून परतताना रस्त्याकडेच्या त्या देवळापाशी सगळ्यांनी थांबायचं, पायरीला हात लावायचा, कपाळाला लावायचा, आणि मग एकदमच पुढे निघायचं. हा मंडळाचा नियम. खंडूने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, “मी हात लावणार नाही.” तो तसाच सरळ पुढे निघून गेला, तर मार्तंडने त्याला मंडळाच्या दारात सगळ्यांदेखत झापला. “पाया पडू नको, मरू दे. पण पुढे जायचं नाही. आम्ही निघेपर्यंत तिथंच उभं राहायचं. नाहीतर चालू पड!”

तेव्हापासून तिघं पायरीशी वाकत आणि खंडू रस्त्यापलीकडे म्युनिसिपालिटीच्या नळाशी उभा राही. दत्ताराम कपाळाला हात लावून वळला की समोर नळाशी खंडू दिसायचा. मग सगळे निघायचे. इतकी वर्षं रोज हेच.

शर्यत सुटली आणि पहिल्याच वळणावर खंडूच्या लक्षात आलं. तो उजवीकडून निघायला गेला, दत्तारामने कोपर काढलं. डावीकडे गेला, मधुकर आडवा. पुढे मार्तंडची पिठाच्या गिरणीत पोसलेली रुंद पाठ. भांडुपला तर रस्त्याचा ओढाच झालेला. गुडघाभर गढूळ पाण्यात खंडू अडखळला, तसं मधुकरने त्याला खांद्याने असा ढकलला की तो दोन्ही हातांवर पडला.

“ए, काय चाललंय काय?” खंडू ओरडला.

“पाऊस चाललाय! दिसत नाही?” मार्तंड पुढे बघतच म्हणाला.

खंडू उठला. तळहात सोलवटून रक्त येत होतं. त्याने दत्तारामकडे पाहिलं. “तू पण, दत्ता?”

दत्ताराम पळत राहिला. तोंडात पाऊस, छातीत भाता आणि डोक्यात बापाचं ते वाक्य. माझ्या बापाची गिरणी बुडाली, तुझं काय बुडालंय, असं त्याला ओरडावंसं वाटलं. खंडूची आई सोनूबाई देवनारला कचऱ्यातून भंगार वेचते हे त्याला चांगलं माहीत होतं. म्हणून तर तो गप्प बसला. पण कोपर त्याने आत घेतलं नाही.

कांजूर गेलं. पाऊस असा की पुढचं धड दिसेना. तिघांनी माना खाली घातल्या आणि रस्ता पायांवर सोडला. रोजचाच रस्ता, पायांना पाठ होता. आता देऊळ मागे पडलं की मार्तंड बाजूला होणार आणि दत्ताराम सुटणार. पायांत जोर आहे, शिल्लक आहे, आज नोकरी आपली, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

आणि तिथेच घात झाला. देवळाआधीचा तो फुटका कठडा पायाला लागला मात्र, मार्तंड रस्ता सोडून वळला. मधुकर वळला. दत्तारामही वळला! कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही. जित्याची खोड ती. तिघांनी वाकून ओल्या पायरीला हात लावला, कपाळाला लावला, आणि दत्ताराम रोजच्यासारखा वळला.

नळापाशी कोणी नव्हतं.

“आयला!” मधुकर किंचाळला.

रस्त्यावर लांब, पावसाच्या पडद्यात, एक पाठ पळत होती. दत्ताराम मागे सुटला. असा तो आयुष्यात कधी पळाला नव्हता. पण मोकळ्या रस्त्यावरच्या खंडूला आजवर कोणी गाठलंय? पाठ लहान होत गेली आणि दिसेनाशी झाली.

मैदानात तो शिरला तेव्हा साहेब छत्रीखाली खंडूचा हात हातात घेऊन उभे होते. मागून मार्तंड धापा टाकत आला आणि छातीतला भाता थांबायच्या आतच बोलला, “साहेब, हा आमच्या मंडळाचा नाही. नियम मोडला म्हणून काढलाय ह्याला. आमच्यातला पहिला हा, दत्ताराम.”

“कधी काढलात?”

“आत्ताच. देवळापाशी थांबला नाही.”

साहेबांनी मार्तंडला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुम्ही शर्यतीत थांबलात?” त्यांनी विचारलं आणि असे हसले की पंचसुद्धा हसायला लागले. “अहो, थांबणारी माणसं मला ढीगभर मिळतील. मला धावणारा हवाय.”

दत्तारामच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने खंडूचं बनियन मुठीत धरलं. “दगाबाज! रोज थांबायचास, मग आजच काय झालं तुला? देवाचं नाही तर नाही, मंडळाचं तरी काही आहे की नाही?”

“हात काढ,” खंडू म्हणाला. “रोज मी काय तुमच्या देवाला थांबायचो होय रे? तुमच्यासाठी थांबायचो. बरोबर आलो तर बरोबर जाऊ म्हणून.” त्याने सोललेले तळहात दत्तारामच्या नाकासमोर धरले. “आज तुम्ही मला बरोबरचा ठेवलात?”

दत्तारामची मूठ सुटली. खंडूने मंडळाचं बनियन डोक्यावरून काढलं, मार्तंडच्या खांद्यावर ओलंच्या ओलं आपटलं आणि उघड्या अंगाने पावसात निघून गेला.

घरी दशरथांनी तोंडाकडे बघूनच ओळखलं. जानकीने, दत्तारामच्या आईने, भाताचं ताट पुढे सरकवलं, तर त्यांनी ते पायाने बाजूला केलं.

पुढच्या आठवड्यात उघडीप पडली. मंडळ नेहमीसारखं सरावाला निघालं. देवळापाशी मार्तंड आणि मधुकर वाकले. दत्तारामही वाकला, कपाळाला हात लावला आणि वळला. इतक्यात समोरून, पहिल्या पाळीला निघालेला खंडू सायकलवरून गेला. कोरा खाकी गणवेश, हँडलला जेवणाचा डबा. पाहिलं त्याने. ओळखलंही.

“खंड्या, थांब रे!” दत्तारामच्या तोंडून निघून गेलं.

कशासाठी हाक मारली, ते त्याचं त्यालाही कळेना. भांडायला, माफी मागायला, की नुसताच तो तिथे उभा हवा होता म्हणून? खंडूने पायडल मारलं आणि मान न वळवता नळावरून पुढे गेला.

“चला रे, निघा,” मार्तंड म्हणाला. दत्तारामचे पाय काही केल्या उचलेनात.