पेशंटबरोबर कोण?

सोमवारी तपासणीला पोहोचले, तर माझं आतडं आधीच खुर्चीवर बसलेलं. माझी मोरपिशी साडी नेसून. नव्या औषधाच्या चाचणीची नोंदवही सांभाळणाऱ्या चिंचलकर मॅडम त्याला चहा देत होत्या. सहा महिने येतेय मी, मला साधं पाणी कुणी विचारलं नाही!

"तुम्ही पेशंटबरोबर आलात का?" मॅडमनी मला विचारलं.

"अहो, मीच पेशंट! मालन खराडे, सतरा नंबर. कोलायटिस, आतड्याला सूज."

"ही नुसती सोबत येते," आतडं म्हणालं.

मी एसटीत कंडक्टर. मी दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी हलत नाही. पण मिरज-जत रस्त्यावर पोटात कळ आली तर उतरायचं कुठं? बाभळीमागं? चाळीस माणसं खिडकीतून बघतात. म्हणून सध्या रजेवर. चाचणीत निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसती पिठाची गोळी. कुणाला कुठली, ते कुणालाच ठाऊक नाही. मात्र शौचातून रक्त जास्त जातंय अशी नोंद वहीत झाली, की खरं औषध द्यावंच लागतं. मला ती एक ओळ हवी होती, बस्स.

"काल किती वेळा?" मॅडमनी आतड्याला विचारलं.

"नऊ वेळा! आणि दरवेळी रक्त!" मी ओरडले.

"नातेवाइकांनी मधे बोलायचं नाही."

"एकदाच," आतडं म्हणालं. "रक्त नाही. झोप छान."

मॅडमनी तसंच लिहिलं.

"अरे मेल्या! एकेचाळीस वर्षं पोसलं तुला, आणि तोंडावर खोटं बोलतोस?"

"इथं मला कुणी शिव्या देत नाही," ते म्हणालं आणि माझी सही करून मोकळं झालं. मी संडासाकडं धावले. दारावर पाटी होती, फक्त पेशंटसाठी.

ते रिक्षानं गेलं. मी दात आवळून चालत घरी आले. दारात माझा नवरा यशवंत त्यालाच विचारत होता, "काय म्हणाले गं?"

"बरी झाले."

यशवंतनं लगेच डेपोत फोन लावला. "उद्यापासून मालनची ड्युटी लावा, साहेब." मग त्याला मी दिसले. "तुम्ही हिच्याबरोबर आलात का? बसा ना."

बसा म्हणे! मी त्याला ढकलून परसात पळाले. आतडं माझ्या आधीच आत शिरलेलं, संडासाला आतून कडी होती.

"दार उघड, भाड्या! उघड!" मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. पोटात आजची दहावी कळ उठली.

आतून दोन घंट्या वाजल्या, आणि संडास हलला.