गिरगावचा तंबोरा आणि मॉरिशसची अंबिका

मित्रांनो, मी एक जुना तंबोरा आहे. कपाटावर मळक्या गवसणीत गुंडाळलेलं जे लांबलचक गाठोडं दिसतं, तोच मी. आज मला पाहायला कुणी मान वर करत नाही, पण एके काळी माझ्याशिवाय या घरात कुणी तोंड उघडत नसे.

मंगळवेढ्याच्या शेतात मी भोपळा म्हणून वाढलो. मिरजेच्या कारागिरांनी मला वाळवलं, पोखरलं, दांडी जोडली, चार तारा चढवल्या आणि तारांना टेकायला खाली एक हस्तिदंती घोडी बसवली. मग मी गिरगावच्या एका वाडीत, गाणं शिकवणाऱ्या वासंतीबाईंच्या घरी आलो. बाई कडक. चुकलेल्या सुराला त्यांच्याकडे माफी नव्हती. मला मात्र त्या तान्ह्या मुलासारखं जपत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. बाईंचे यजमान मनमोहनकाका रोज संध्याकाळी सभेला जात आणि घोषणा देऊन देऊन आवाज बसवून घरी येत. “मी इथे मुलींचे गळे तयार करते आणि तुम्ही स्वतःचा फोडून येता,” असं म्हणत बाई त्यांच्या पुढ्यात हळदीचं दूध आदळत. काका खुणेनेच “उद्या नाही जात” म्हणत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात.

अशा घरात राहून गाणं शिकायला, बोटीचा प्रवास करून मॉरिशसहून अंबिका आली. तिचे पणजोबा कोकणातले, उसाच्या मळ्यात मजुरीला म्हणून तिकडे गेलेले. मुलगी मराठी होती, पण तिची मराठी देवळातल्या भजनांतून आलेली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “बाई, मला तृषा लागली आहे.” जुन्या शिष्या खो खो हसल्या. सगळ्यांत मोठी शैला तर पुढे कित्येक दिवस पाणी प्यायला उठली की “मला तृषा लागली गं” म्हणायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण अंबिकेने बोलणंच कमी केलं. कुणी विचारलं तर मान हलवायची.

त्यातून बाईंनी तिला गाऊही दिलं नाही. तिकडे ती देवळात मोठ्याने गाणारी, आवाज असा की समुद्रापर्यंत जावा. बाईंनी मला तिच्या मांडीशी दिलं आणि म्हणाल्या, “नुसता छेड. गाऊ नकोस. ऐक.” सकाळी तेच, संध्याकाळी तेच. बाकीच्या मुली ताना घेत आणि ही बिचारी माझ्या तारांवरून बोटं फिरवत बसे. “वासंती, आपल्याकडे आता दोन तंबोरे झाले की,” काका घोगऱ्या आवाजात म्हणत. अंबिका कसनुसं हसे. तिला वाटे, आपण परक्या, म्हणून बाई आपल्याला शिकवत नाहीत. तिचे डोळे भरून आलेले मला दिसत. तिचं कपाळ माझ्या दांडीला टेकलेलं असे ना.

दसऱ्याला बाईंच्या घरी वाद्यांची पूजा असे. आदल्या दिवशी अंबिकेने ठरवलं, निदान घरकामात तरी आपला उपयोग व्हावा. मऊ फडकं घेऊन तिने मला पुसायला घेतलं. बाईंशिवाय इतक्या मायेने मला कुणी पुसलं नव्हतं. पुसता पुसता घोडीवर, प्रत्येक तारेखाली, तिला सुताचा एकेक तुकडा अडकलेला दिसला. कुठल्या तरी चिंधीचे धागे असतील असं वाटून तिने ते चारही नखाने काढले आणि केरात टाकले. मी काय सांगणार? मित्रांनो, ते माझे जवारीचे दोरे होते. त्यांच्यामुळेच माझी तार भुंग्यासारखी घुमते. ते गेले आणि माझा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा झाला.

सकाळी मला झेंडू वाहून बाईंनी तार छेडली. त्यांचा हात तिथेच थांबला.

“दोरे कुणी काढले?” शैलाने वाकून विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. अंबिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

“मी काढले,” ती म्हणाली. “मला तो मळ वाटला.”

एक मुलगी फिस्सकन हसली. अंबिका आत गेली आणि काकांनी माळ्यावर ठेवलेली आपली ट्रंक खाली ओढू लागली. काका मदतीला धावले, तशी ती म्हणाली, “मी पुढच्या बोटीने जाते. मला इथलं काहीच येत नाही.”

बाई दारात आल्या. त्यांच्या हातात सुताचं रीळ होतं.

“जायचं तर जा,” त्या म्हणाल्या. “पण आधी त्या तंबोऱ्याला बोलता करून जा.”

“मला येत नाही, बाई.”

“इतके दिवस काय केलंस?”

“काही नाही. नुसता तंबोरा छेडला.”

“मग तो कसा बोलतो, हे तुझ्याइतकं इथे कुणी ऐकलंय? बस खाली.”

अंबिका माझ्याजवळ येऊन बसली. तिने सूत तोडलं, तारेखाली सरकवलं, छेडलं. नाही. केसभर पुढे. नाही. शैलाने सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं. अंबिकेने डोळे मिटले, दोरा किंचित मागे घेतला आणि माझी मधली, जोडाची तार घुमली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मग दुसरी, तिसरी, शेवटी खर्जाची जाड तार. खोली माझ्या आवाजाने भरून गेली.

“आता सा लाव,” बाई म्हणाल्या.

तिने सा लावला. तो माझ्या सुरात असा मिसळला की माझा कुठला आणि तिचा कुठला, मलाच कळेना. गॅलरीतून जाणारी माणसं थांबली. शैला पुढे येऊन तिच्या शेजारी बसली. बाईंनी पदराने डोळे टिपले, आणि त्यांना तसं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने काकांचा फुटका आवाज आला, “मग ट्रंक परत माळ्यावर टाकू ना गं, पोरी?”

अंबिकेने गाता गाताच मान हलवली.

ती चार वर्षं राहिली. आता बाई नाहीत, काका नाहीत, माझ्या खुंट्याही सैल झाल्यात. मला खाली काढा, पुसा, तारा बदला, एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या वर्गात कुणी लांबून आलेलं, वेगळं बोलणारं मूल आलं, तर त्याला जवळ बसवून घ्या. मला आणखी चार वर्षं कपाटावर ठेवलंत तरी चालेल, पण त्याला एक दिवसही एकटं ठेवू नका.