बाबांनी ठोकून पाहिलेलं घर

"घरात गवंडी असताना बाहेरून माणूस आणायचा? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!" नवरा म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

विषय होता सर्व्हेअरचा. घर विकत घेण्याआधी छत, भिंती, नळ, वायरी सगळं तपासून लेखी अहवाल देणारा माणूस. त्याची फी म्हणजे माझ्या शिवणकामाची दोन महिन्यांची कमाई. गुरुवारी दुपारी बाराला इसार द्यायचा होता, आणि एकदा दिलेला इसार काही झालं तरी परत मिळणार नव्हता. त्यात आमची अकरा वर्षांची बचत जाणार होती. हे भांडण झालं तेव्हा मंगळवार होता.

ज्यांच्यावरून भांडण चाललं होतं ते माझे सासरे समोरच शांतपणे जेवत होते. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. नात्यात, शेजारात कुणाला घर घ्यायचं असलं की आधी मिस्त्रींना नेऊन दाखवायचं, हा आमच्याकडचा रिवाजच. ते ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघतात. मग थापीच्या दांड्याने गिलावा ठोकत सगळं घर फिरतात. भरीव असेल तर टणक वाजतं, आत पोकळ असेल तर बद्द. शेवटी "घ्या" म्हणतात नाहीतर "सोडा" म्हणतात, आणि त्यापुढे कुणाचं अपील चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, सून म्हणून मलाही असंच ठोकून घेतलं असणार.

या घराला त्यांनी रविवारी "घ्या" म्हटलं होतं.

आणि तिथेच माझी पंचाईत झाली होती. रविवारी मागच्या खोलीत बाबा स्टुलावर चढून छत ठोकत होते आणि मी खाली स्टूल धरून उभी होते. नवरा पुढच्या खोलीत मालकाशी किमतीवरून घासाघीस करत होता. खिडकीपासून पंख्यापर्यंतचं छत फुटकं मडकं वाजावं तसं बद्द वाजत होतं. मी आयुष्यभर कपडे शिवलेत, विटा रचल्या नाहीत. पण तो आवाज कुणालाही कळला असता. बाबा खाली उतरले, हात झटकले आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. घ्या."

ती खोली आमच्या सात वर्षांच्या लेकीने आधीच स्वतःच्या नावावर करून टाकली होती. पलंग खिडकीखाली ठेवायचा, हेही तिचं ठरलं होतं.

बाबांना ऐकू येत नाही हे मला कधीपासून ठाऊक होतं. दिवसभर त्यांच्यासोबत घरात मीच असते. दाराची बेल वाजते आणि ते पेपरची पानं उलटत राहतात. चारचौघांत सगळे हसले की हे क्षणभर उशिरा हसतात. विचारलं तर म्हणतात, "विचारात होतो गं." मीही विषय सोडून द्यायचे, कारण त्या माणसाचा मान मला दुखवायचा नव्हता. आता तो मान राखायचा तर लेकीला त्या छताखाली झोपवावं लागणार होतं.

बुधवारी संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी त्याला जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं.

"तू माझ्या बापाला बहिरा ठरवतेस?"

"मी कोण ठरवणारी? चल, दाखवते."

बाबा पाठमोरे बसून फडक्याने थापी पुसत होते. मी दारातून हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग जवळजवळ ओरडलेच, "बाबा, चहा घेणार का?" थापी पुसणं चालूच होतं.

"विचारात असतील," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पडला होता. माझं डोकंच फिरलं. झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण करणार?

"हे बघ," तो हळूच म्हणाला, "त्यांच्या मागून कुणी तपासायला आलं ना, तर ते पुन्हा कधी थापीला हात लावणार नाहीत. काम सुटल्यापासून एवढंच उरलंय त्यांच्याकडे."

"आणि ते छत खाली आलं, तर आपल्याकडे काय उरेल?"

लेकीला खेळायला न्यायच्या निमित्ताने तो खाली निघून गेला.

मी तिथल्या तिथे फोन काढला. तोवर बाबा वळून माझ्याकडे तोंड करून बसले होते. एरवी असला फोन करायला मी गच्चीवर गेले असते. पण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यापासून लपायचं कशाला, असा मोठा शहाणपणा मी केला. त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून सर्व्हेअर बाईंना सगळं सांगितलं. उद्या नऊला या. मागच्या खोलीचं छत नीट बघा. पैसे मी देते, घरात कुणाला बोलले नाहीये. सासऱ्यांनी ठोकून पाहिलंय, पण त्यांना ऐकू येत नाही, त्यांना काही कळलं नाही. बाबा थापीला तेल लावत बसले होते. मध्येच त्यांनी माझ्याकडे बघितलं, तर मी हसले सुद्धा.

गुरुवारी सकाळी मी चपला घालते तर बाबा दारात हजर. खांद्याला थापी-ओळंब्याची पिशवी.

"बाबा, तुम्ही कुठं निघालात?"

"तू जातेस तिथंच. नऊ वाजता ना?"

कान गेलेला माणूस इतकी वर्षं चारचौघांत कसा निभावून नेत असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बाबा ओठ वाचत होते. आणि आदल्या संध्याकाळी माझे ओठ त्यांच्या अगदी समोर होते. "त्यांना काही कळलं नाही" हे सुद्धा त्यांनी माझ्याच तोंडावर वाचलं होतं.

"बाबा, मी तुम्हाला..."

"चल. उशीर होतोय."

रस्त्यातून मी नवऱ्याला फोन केला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो धापा टाकत फाटकाशी उभा होता. मी कुणाचा तरी खून करून आलेय अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

घरमालक दारात आडवा उभा. "मिस्त्रींनी पाहिलंय ना सगळं? मग या बाई कशाला? माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, आधीच सांगून ठेवतो. बारा म्हणजे बारा." सर्व्हेअर बाई पन्नाशीच्या, पायांत जाड बूट, बोलणं मोजकं. "तासाभराचं काम आहे," एवढं म्हणून त्या त्याच्या बाजूने आत शिरल्या.

"आधी मी," बाबा म्हणाले.

बाईंनी मागे सरून त्यांना वाट दिली. बाबांनी ओळंबा सोडला, तो स्थिर होईपर्यंत श्वास धरला आणि म्हणाले, "वरच्या अंगाला बोटभर बाहेर आहे. जुनंच आहे, वाढणार नाही." बाईंनी आपलं यंत्र लावून बघितलं आणि मान डोलावली. "बरोबर." दुसरी भिंत. बरोबर. तिसरी. तीही बरोबर. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. खरं सांगते, मलाही वाटलं, देवा, मीच चुकलेली असू दे. पैसे गेले तर गेले. घरभर मला नावं ठेवली तरी चालेल.

मग मागची खोली आली.

बाबा स्टुलावर चढले. या वेळी स्टूल नवऱ्याने धरलं. दाराकडून सुरुवात झाली. टक, टक, टक. पंख्यापाशी आवाज बदलला. बद्द. नवऱ्याने झटकन वर बघितलं. तो आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता. मालक खिडकीबाहेर बघू लागला. बाईंची पेन्सिल कागदावर थांबली.

आणि माझ्या लक्षात आलं, बाबा छताकडे बघतच नाहीयेत. दांडा ठोकायचे आणि खाली आमच्या तोंडांकडे बघायचे. नवऱ्याच्या, बाईंच्या, माझ्या. स्टूल सरकवायला सांगून ते पुन्हा दाराकडे गेले, ठोकलं, आमचे चेहरे सैल पडलेले पाहिले. परत पंख्याकडे आले. मग खिडकीकडे. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांनी ते अख्खं छत हातभर हातभर करून तपासलं. मला तोंड फिरवून घ्यावंसं वाटत होतं, डोळे भरून आले होते. पण मी फिरवलं नाही. त्यांना ते लागत होतं.

बाबा खाली उतरले.

"पोकळ आहे," ते म्हणाले. "खिडकीपासून पंख्यापर्यंत. सोडा."

बाईंनी स्वतः ठोकून खात्री केली. "आतली सळई गंजून फुगलीय. दोन वर्षं तग धरेल, नाहीतर उद्याच येईल खाली. याच्याखाली कुणी झोपायचं नाही."

"अहो, थोडी डागडुजी केली की..." मालकाने तोंड उघडलं.

"इसार देत नाही आम्ही," नवरा म्हणाला. मग तो बाबांसमोर आला, तोंड नीट दिसेल असा उभा राहिला आणि त्याने विचारलं, "कधीपासून, बाबा?"

"तीन वर्षं होतील." बाबा स्टुलावरच बसले. "वेगळं काही वाजलं नाही म्हणजे भरीवच, असं मी मनाला सांगायचो. वेगळं वाजणार कुठून? मला तर काहीच वाजत नव्हतं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, पण त्यांचं लक्षही नव्हतं. ते बोटं मोजत होते.

"या तीन वर्षांत चार घरं. एक त्या बेकरीवाल्याचं. एक शेजारच्या मास्तरांचं. एक तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राचं."

चौथं बोट त्यांनी मोजलं नाही, नुसतं मुठीत धरून ठेवलं. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. चौथं घर माझ्या नणंदेचं होतं. जुनं, स्वस्तात मिळालेलं, याच बनावटीच्या छताचं. बाबांनी "घ्या" म्हटलं म्हणून दोन पोरांना घेऊन ती तिथे राहायला गेली होती.

"तुम्हाला आज दुपारी वेळ आहे का?" बाबांनी सर्व्हेअर बाईंना विचारलं. "फी मी देतो."

बाई हो म्हणाल्या. नवऱ्याने तोवर फोन लावला होता.

"ताई? पोरं कुठं आहेत? ...अजून झोपलीत? कुठल्या खोलीत झोपलीत?"

"माझ्याकडे तोंड करून बोल," बाबा म्हणाले. "मलाही कळू दे."