नऊपट

साहेबांनी लांबलचक कागद माझ्यापुढे टाकला. त्यावर एकच आकडा छापला होता, ४५४५०. यायला हवं होतं ५०५०. एक ते शंभरची बेरीज! माझ्या सातवीच्या वर्गाला ती तोंडपाठ आहे.

"मशीन चुकत नाही, सावळाराम मास्तर," साहेब म्हणाले. "ज्यांचं मशीनवरच्या फेरीत बरोबर आलं ते बारा जण पुढच्या वर्गात. तुम्ही घरी सराव वाढवा."

सराव वाढवा म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने दर रविवारी पहाटेची एसटी धरून मी भोरहून पुण्याला या कॉम्प्युटरच्या वर्गाला येत होतो. मशीनला करायचा एकेक हुकूम आम्ही चौकटींच्या कागदावर लिहायचा आणि आतल्या बाईंनी तो कार्डांवर भोकं पाडून उतरवायचा. पण तेही फक्त परीक्षेला. एरवी मशीन आम्हाला काचेआडूनच दिसे. म्हणून भोरला माझी बायको फुलाबाई हीच माझं मशीन झाली. तिच्यापुढे दोन वाट्या ठेवायच्या आणि मी कागदावरून वाचायचं, पहिल्या वाटीत एक मिळव. ती चिंचोका टाकायची. सांगितलं तेवढंच करायची, पदरचं काही घालायची नाही. तिच्यामुळे माझ्या कितीतरी चुका सापडल्या.

एकदा ती म्हणाली, "कागुद माज्याकडं द्या की. म्या बगते, तुमी चिंचोकं टाका."

"सगळं इंग्रजी आहे ते. तुला काय कळणार?"

ती पासली गावची, मराठी चौथी शिकलेली. पुन्हा तिने कागद मागितला नाही.

मी आता त्या छापील आकड्याला ५०५० ने भागून पाहिलं. नेमके नऊ आले. कार्डं मागून घेतली. जिथे एक हवा तिथे नऊ, जिथे शंभर तिथे नऊशे. माझ्या कागदावर मात्र मराठी १ होता. वीस वर्षं फळ्यावर तोच गिरवलेला हात, इंग्रजी हुकमातही त्याने तोच काढला. सरावाचे कागद साहेब तपासत. तेही मराठीच, त्यांना तो एक दिसे. कार्डांवरच्या बाई केरळच्या, त्यांना नऊ दिसला. त्यांचा काय दोष? दोष माझ्या शहाणपणाचा. फुलाबाईने तो कागद पाहिला असता, तर त्या इंग्रजी जंगलात तिला तो १ तेवढाच ओळखीचा दिसला असता. तिथेच तिने बोट ठेवलं असतं.

हे सगळं साहेबांना दाखवलं. त्यांना ते पटलंही. तरी म्हणाले, फेरी एकदाच मिळते.

"साहेब, आठ महिने तुम्ही हा आकडा एक म्हणूनच वाचलात ना?"

"मी वाचून काय उपयोग? मशीनने वाचायला हवा."

बाहेर कारकुनाने नापासाच्या कागदावर सही मागितली, खाली तारीख. मी सही केली. तारीख मुद्दाम, ठळक, मराठीत लिहिली: ११-११-७३.

कारकुनाने ती एका नजरेत वाचली, "अकरा नोव्हेंबर," आणि शिक्का मारला.