सात इंचांच्या चाकाची कैफियत

मित्रांनो, बहरीनमध्ये सित्रा भागात बू दईजचं टायरचं दुकान आहे. त्याच्या मागच्या अंगणात भिंतीला टेकून एक धुळकट, कड फुटलेलं जुनं चाक उभं आहे, ते मी. चाक म्हणजे टायर काढल्यावर उरतो तो धातूचा भाग. माझी रुंदी सात इंच. माझं जे काही भलंबुरं झालं ते या सात इंचांपायीच.

मी ॲल्युमिनियमचा. वितळलेल्या रसातून साच्यात ओतला गेलो, तेव्हा सोबत तीन भाऊ होते. आम्हा चौघांना मिशआलनं घेतलं. तो स्वतः ॲल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीवर कामाला, त्यामुळे आमच्या जातीची त्याला पारख होती. त्यानं बोटाच्या पेरानं मला टकटक वाजवलं, कान लावून आवाज ऐकला आणि हसला. इतक्या वर्षांत तसं कुणी वाजवलेलं नाही मला.

त्याची गाडी छोटीशी, दोघांपुरती. सुट्टीच्या दिवशी तो ती सखीरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायला नेई. बू दईजनं आमच्यावर २०५ मापाचे, म्हणजे २०५ मिलिमीटर रुंदीचे टायर चढवले होते. टायर चाकापेक्षा बोट-दीड बोट रुंद असला तर बिघडत नाही. तो चाकावर ताठ उभा राहतो. मिशआल स्टिअरिंग वळवी आणि त्याच क्षणी मला कळे, कुठं जायचं. आजूबाजूला दुप्पट रुंद टायरांच्या गाड्या असत. "मिशआल, सायकल घेऊन आलास का?" असं लोक चिडवत. दुपारपर्यंत त्यांतल्या निम्म्या गाड्या आमच्या मागे असत. आमचे ते सुखाचे दिवस होते.

मिशआलचा जिवलग मित्र गानिम. दोघं लहानपणापासून एका ताटात जेवलेले. पण मिशआलचे वडील वारले, आणि दुखवट्याच्या तीन दिवसांत गानिम एकदाही दारात आला नाही. पहिल्या दिवशी तो परदेशी होता, दुसऱ्या दिवशी उशीर झाला म्हणून शरमला, तिसऱ्या दिवशी त्याचा धीरच झाला नाही. हे पुढं कळलं. तेव्हा मिशआलनं एवढंच पाहिलं की सगळं गाव आलं आणि गानिम आला नाही. दोघांचं बोलणं तुटलं ते तब्बल दोन वर्षं. बाजूची सीट रिकामी ठेवून मिशआल ट्रॅकवर फिरे. त्याच्या हातांतला जोर गेलेला मला जाणवायचा.

मग एके दिवशी गानिम आला. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर चार नवे टायर. त्यानं इथल्या रीतीप्रमाणं मिशआलच्या नाकाला नाक लावलं आणि डोळे पुसत म्हणाला, "रिकाम्या हातानं कसा येणार होतो? सगळ्यात मोठे आणलेत बघ. आता कोण सायकल म्हणतो ते पाहू!"

ते लावायला दोघं बू दईजकडे आले. टायर २४५ मापाचे होते. बू दईजनं ते पाहिले मात्र, मिशआलला दंडाला धरून, गानिमला ऐकू जाणार नाही असं माझ्याजवळ आणलं. "अरे, हे सात इंचांचं चाक आहे. त्याला हा टायर धरून ठेवता यायचा नाही. वळणावर आडवा झोपेल तो."

"ठाऊक आहे मला, बू दईज."

"मग परत कर की! मी सांगतो त्याला."

"खबरदार! दोन वर्षांनी दारात आलाय तो. त्याच्या भेटीचं माप काढत बसू? लावा."

आणि मित्रांनो, ते लागले. माझ्या दोन्ही कडांवरून टायर ढेरीसारखा बाहेर आला. सखीरला गानिम बाजूला बसला होता, मोठमोठ्यानं हसत होता. मिशआल वळवी, पण मला काही उमगायच्या आत टायर एका अंगावर कलंडे, आणि मग गाडी एकदम झेप घेई. मी जिवाच्या आकांतानं टायर धरून होतो. दहाव्या वळणावर तो माझ्या हातून निसटला. गाडी बाहेर फेकली गेली, माझी कड काँक्रीटवर आपटली आणि फुटली.

दोघंही बचावले. गानिमचा चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं रे? टायरांत काही खोट होती का?"

मिशआलनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "छे, टायर झकास आहेत. हे चाकच बाद होतं. जुनंच ते."

मला फार लागलं ते. फुटल्याचं तितकं नाही.

माझे भाऊ कुणाकुणाच्या गाड्यांना गेले. मी इथं भिंतीशी आलो. सकाळी ऊन माझ्या पुढच्या बाजूला येतं, दुपारी मागच्या. कुणी जवळ येत नाही. मिशआल तर नाहीच. त्यानं ट्रॅकवर जाणंच सोडलं, असं दुकानातल्या बोलण्यावरून कळे. गानिम त्याच्याकडे जाई, कॉफीचे दोन पेले घेई आणि परते. दोघं म्हणे हवापाण्याचं बोलतात.

परवा गानिम दुकानात आला. "बू दईज, त्याचं चाक बाद होतं ना, चार नवी द्या. त्याला सांगू नका. घेऊनच जातो."

 बू दईज त्याला मागं घेऊन आला, गानिमनंच आणलेला तो टायर माझ्यासमोर आडवा ठेवला आणि म्हणाला, "तूच मोज."

गानिमनं हातानं मोजलं. टायर माझ्यापेक्षा चार बोटं रुंद भरला. त्यानं पुन्हा मोजलं. मग माझ्याशेजारी जमिनीवरच बसला आणि फोन लावला.

"मिशआल, टायर मोठे होते?"

"...थोडेसे."

"जीव गेला असता लेका आपला! बोलला का नाहीस?"

"तू आला होतास ना."

"मग नंतर तरी आपल्या मापाचे लावून गाडी काढायचीस!"

"ते तुला दिसले असते."

 गानिम रडवेल्या आवाजात म्हणाला, "मी शरमेनं तुझ्या दारात आलो नाही, आणि तू शरमेनं गाडी झाकून बसलास. दोघं सारखेच गाढव. येऊ का आता?"

"विचारतोस काय, गाढवा? ये."

तो उठला. आधी त्यानं माझ्या फुटलेल्या कडेवरून तळवा फिरवला आणि हळू म्हणाला, "तुझी चूक नव्हती रे." मग पळतच गेला. त्याच्या गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत मी ऐकत होतो.

आता मी पुन्हा एकटा आहे. फुटलेलं चाक कुणी जोडून ट्रॅकवर नेत नाही, आणि नेऊही नये. मित्रांनो, चाकाला त्याच्या मापाचाच टायर द्या. आणि कुणी मायेनं मापाबाहेर दिलं, तर त्याला तिथल्या तिथं सांगा. उशिरा सांगितलंत तरी मैत्री कदाचित वाचेल. चाक वाचत नाही.